पहिल्या महायुद्धाची कारणे आणि जबाबदारी : इतिहासलेखनातील वादाचा चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

पदवी स्तरावरील आधुनिक जगाच्या इतिहासात पहिल्या महायुद्धाच्या कारणांवरील प्रश्न वर्षानुवर्षे विचारला जातो आणि त्याचे उत्तरही जवळजवळ ठरून गेलेले आहे. गुप्त करारांची पद्धती, लष्करवाद, आक्रमक राष्ट्रवाद, आर्थिक साम्राज्यवाद, वृत्तपत्रांचा अपप्रचार, प्रभावी आंतरराष्ट्रीय संघटनेचा अभाव आणि सरतेशेवटी तात्कालिक कारण म्हणून साराजेव्हो येथील हत्या, असा हा क्रम असतो. हे उत्तर चुकीचे म्हणता येणार नाही. तथापि, ९० लाखांहून अधिक सैनिकांचा बळी घेणारे युद्ध सुरू करण्याचा निर्णय कोणी, केव्हा आणि कोणता पर्याय नाकारून घेतला, याचा त्यात कोठेही उल्लेख नसतो. कारणे सांगितली जातात. जबाबदारी मात्र अनुत्तरित राहते.

कारण आणि जबाबदारी या दोन संकल्पना भिन्न आहेत. घटना कशी शक्य झाली, हे कारणमीमांसा सांगते. वेगळे वागणे शक्य असताना कोणी कसे वागले, याचा निवाडा जबाबदारीच्या विचारात होतो. पहिल्या महायुद्धाविषयीच्या शतकभराच्या वादात या दोहोंची वारंवार गल्लत झाली. ही गल्लत कोठून सुरू झाली, प्रत्येक टप्प्यावर उपलब्ध साधनांनी आणि तत्कालीन राजकारणाने तिला कसा आकार दिला आणि पाठ्यपुस्तकांतील परिचित कारणांची यादी या वादाच्या कोणत्या टप्प्यावर घडली, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कलम २३१ : कायदेशीर दायित्व की नैतिक दोष?

वादाचे मूळ २८ जून १९१९ रोजी स्वाक्षऱ्या झालेल्या व्हर्सायच्या तहात आहे. तहाच्या २३१व्या कलमान्वये जर्मनी व तिच्या मित्रराष्ट्रांच्या आक्रमणामुळे लादल्या गेलेल्या युद्धात दोस्त राष्ट्रांची जी हानी झाली, तिची जबाबदारी जर्मनीने मान्य केली. हे कलम नुकसानभरपाईच्या प्रकरणाच्या आरंभी आहे. त्याचा मसुदा तयार करणाऱ्यांत नॉर्मन डेव्हिस आणि जॉन फॉस्टर डलेस हे अमेरिकन प्रतिनिधी होते. तत्त्वतः संपूर्ण दायित्व मान्य करवून घेणे आणि पुढील कलमात प्रत्यक्ष वसुलीला मर्यादा घालणे, असा त्यांचा हेतू होता. ‘दोष’ किंवा ‘अपराध’ हा शब्द या कलमात नाही. ऑस्ट्रिया आणि हंगेरी यांच्याबरोबरच्या तहांतही याच धर्तीची कलमे होती. परंतु त्यांवरून एवढा क्षोभ माजला नाही.

जर्मनीत मात्र हे कलम युद्धदोषाची सक्तीची कबुली म्हणून वाचले गेले. त्यास कारणेही होती. शांतता परिषदेने नेमलेल्या आयोगाने मार्च १९१९ मध्येच युद्धाचा दोष मुख्यतः जर्मनी व ऑस्ट्रिया-हंगेरी यांच्यावर ठेवला होता आणि तहाच्या २२७व्या कलमाने कैसर दुसऱ्या विल्यमवर खटला भरण्याची तरतूद केली होती. नेदरलँड्सने कैसरला स्वाधीन करण्यास नकार दिल्यामुळे हा खटला कधीच उभा राहिला नाही. परिणामी ज्या व्यक्तींनी निर्णय घेतले त्यांची न्यायासनासमोर तपासणी झाली नाही आणि भरपाईचा भार मात्र संपूर्ण राष्ट्रावर पडला. १९२१ मध्ये ही रक्कम १३२ अब्ज सुवर्ण मार्क इतकी ठरविण्यात आली. येथून पुढे युद्ध कोणी सुरू केले, या ऐतिहासिक प्रश्नाच्या उत्तरावर पैशाचा व्यवहार अवलंबून राहिला. इतिहासलेखनाच्या दृष्टीने ही अत्यंत प्रतिकूल सुरुवात होती.

दस्तऐवजांचे राजकारण

दोषारोपासाठी दस्तऐवजांचा वापर युद्धाबरोबरच सुरू झाला होता. १९१४–१५ मध्ये जर्मनीचे पांढरे, ब्रिटनचे निळे, रशियाचे नारिंगी, फ्रान्सचे पिवळे आणि ऑस्ट्रियाचे तांबडे अशी सरकारी पुस्तके प्रसिद्ध झाली. आपण शांततेसाठी झटलो आणि शत्रूने युद्ध लादले, हे प्रत्येकाला सिद्ध करावयाचे होते. त्यामुळे अडचणीचे कागद वगळले गेले. फ्रान्सच्या पुस्तकात तर काही तारांचा मजकूर बदलून छापल्याचे पुढे उघडकीस आले.

१९१७च्या अखेरीस बोल्शेविक सरकारने झारकालीन गुप्त करार प्रसिद्ध करण्यास आरंभ केला आणि १९१९ मध्ये कार्ल काउट्स्की यांनी संकलित केलेले जर्मन दस्तऐवज प्रकाशित झाले. त्यानंतर जर्मन परराष्ट्र खात्याने युद्धदोषाच्या प्रश्नासाठी एक स्वतंत्र विभागच चालविला. १९२२ ते १९२७ या काळात त्या खात्याच्या दस्तऐवजांचे ४० खंड प्रसिद्ध झाले. गूच आणि टेम्परली यांनी संपादित केलेले ११ ब्रिटिश खंड १९२६ ते १९३८ या काळात निघाले. फ्रेंच मालिका १९२९ मध्ये सुरू झाली आणि ऑस्ट्रियाचे खंड १९३० मध्ये आले. प्रकाशनाचा हा क्रम महत्त्वाचा आहे. १९२०च्या दशकातील अभ्यासकाच्या हाती जर्मन कागद सर्वाधिक होते. ते खोटे नव्हते. परंतु कोणते कागद आधी आणि कोणत्या रचनेत उपलब्ध व्हावेत, हे एका पक्षाने ठरविले होते.

हर्मान कान्टोरोविच या कायदेपंडिताचे उदाहरण येथे बोलके ठरते. जर्मन संसदेच्या चौकशी समितीसाठी त्यांनी युद्धदोषाविषयी अहवाल तयार केला. त्यातील निष्कर्ष जर्मनी व ऑस्ट्रियाला प्रतिकूल असल्यामुळे तो दडपला गेला आणि १९६७ मध्ये, म्हणजे सुमारे ४० वर्षांनी, प्रकाशात आला. म्हणजेच ज्या प्रश्नावर सरकार हजारो पृष्ठे छापत होते, त्याच प्रश्नावरील एक प्रतिकूल अहवाल छापणे मात्र त्याला परवडणारे नव्हते.

सर्वांचा दोष आणि कारणांची यादी

या पार्श्वभूमीवर पुनर्विचारवादी इतिहासलेखन उदयास आले. अमेरिकेत हॅरी एल्मर बार्न्स यांनी १९२६ मध्ये मुख्य दोष फ्रान्स आणि रशियावर टाकला. सिडनी फे यांचा १९२८ मधील द्विखंडात्मक ग्रंथ अधिक संयत आणि विद्वत्तापूर्ण होता. व्हर्सायचा एकतर्फी निवाडा इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही, सर्वच राष्ट्रे कमीअधिक प्रमाणात जबाबदार आहेत, असे प्रतिपादन त्यांनी केले. ग्रंथाच्या आरंभी युद्धाची पाच मूलभूत कारणे त्यांनी दिली : गुप्त करारांची पद्धती, लष्करवाद, राष्ट्रवाद, आर्थिक साम्राज्यवाद आणि वृत्तपत्रे.

पाठ्यपुस्तकांतील यादीशी असलेले याचे साम्य सहज लक्षात येते. वर्गात तटस्थ ज्ञान म्हणून सांगितली जाणारी ही मांडणी एका विशिष्ट वादात घेतलेली भूमिका होती. एकट्या जर्मनीचा दोष नव्हता, हे दाखविण्यासाठी ती उपयुक्त होती आणि तेवढ्या मर्यादेत योग्यही होती. परंतु वादाचा संदर्भ गळून पडला आणि यादी तेवढी उरली. फे यांनी स्वतः पहिल्या खंडानंतर दुसरा खंड साराजेव्होपासूनच्या घटनांना वाहिला होता आणि प्रत्येक राष्ट्राच्या वाट्याची जबाबदारी स्वतंत्रपणे तपासली होती. पाठ्यपुस्तकांनी मात्र त्यांच्या पहिल्या प्रकरणाचा सारांश घेतला आणि दुसरा खंड सोडून दिला, असेच चित्र दिसते.

सर्व जण दोषी असणे याचा अर्थ हळूहळू कोणीच दोषी नसणे असा होत गेला. लॉईड जॉर्ज यांनी १९३०च्या दशकातील आठवणींत राष्ट्रे नकळत युद्धात घसरत गेली, असे चित्र रंगविले. स्वतः १९१४ च्या ब्रिटिश मंत्रिमंडळात असलेल्या या नेत्याला ते सोयीचे होते. या मताला विरोध झालाच नाही असे नव्हे. फ्रान्समध्ये पिएर रेनुव्हँ आणि अमेरिकेत बर्नाडॉट श्मिट यांनी जुलै १९१४ मधील जर्मन-ऑस्ट्रियन निर्णयांवर बोट ठेवले. इटालियन पत्रकार-राजकारणी लुइजी आल्बेर्तिनी यांनी सर्व देशांचे दस्तऐवज पडताळून आणि हयात मुत्सद्द्यांकडून माहिती मिळवून लिहिलेले तीन खंड १९४२–४३ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु ऐन दुसऱ्या महायुद्धात त्यांची दखल घेणारे थोडेच होते. १९५१ मध्ये फ्रेंच व जर्मन इतिहासकारांनी संयुक्तपणे असे मान्य केले की, उपलब्ध दस्तऐवजांवरून कोणत्याही एका सरकारवर वा जनतेवर युद्ध हेतुपुरस्सर घडविल्याचा आरोप ठेवता येत नाही. शीतयुद्धाच्या काळात पश्चिम जर्मनी आणि फ्रान्स जवळ येत असताना ही सहमती स्वागतार्ह वाटली, यात नवल नाही.

फिशर वाद

ही सहमती हॅम्बुर्ग विद्यापीठातील फ्रिट्झ फिशर यांनी १९६१ मधील आपल्या ग्रंथाने मोडली. पूर्व जर्मनीतील पॉट्सडॅमच्या अभिलेखागारातील कागदांचा त्यांनी उपयोग केला. चान्सेलर बेथमान-होलवेग यांच्या ९ सप्टेंबर १९१४ च्या टिपणात बेल्जियमला मांडलिक करणे, फ्रान्सचा लोहखनिजाचा प्रदेश घेणे, मध्य युरोपीय आर्थिक संघ आणि मध्य आफ्रिकेत वसाहती स्थापणे अशी उद्दिष्टे होती. जर्मनीने १९१४ मध्ये जागतिक सत्तेसाठी युद्धाचा धोका जाणीवपूर्वक पत्करला, असा फिशर यांचा निष्कर्ष होता. १९६९ मधील दुसऱ्या ग्रंथात त्यांनी कैसरने ८ डिसेंबर १९१२ रोजी घेतलेल्या लष्करी बैठकीला केंद्रस्थानी ठेवून पूर्वतयारीचा मुद्दा मांडला.

यावर उसळलेला वाद केवळ शास्त्रीय नव्हता. फिशर यांचे प्रमुख विरोधक गेऱ्हार्ड रिटर हे स्वतः नाझी राजवटीत तुरुंगवास भोगलेले इतिहासकार होते. हिटलर हा जर्मन इतिहासातील अपवाद होता, या भूमिकेवर युद्धोत्तर जर्मनीचा आत्मसन्मान उभा होता. १९१४ मध्येही तशीच विस्तारवादी उद्दिष्टे होती असे ठरल्यास तो अपवाद राहत नव्हता. १९६४ मध्ये फिशर यांच्या अमेरिका दौऱ्याचे सरकारी अर्थसाहाय्य काढून घेण्यात आले. तेव्हा अमेरिकन विद्यापीठांनी खर्चाची व्यवस्था केली.

फिशर यांच्या मांडणीच्या मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. सप्टेंबरचे टिपण युद्ध सुरू झाल्यानंतरचे आहे. युद्धात सुचलेली उद्दिष्टे ही युद्धाची कारणे ठरत नाहीत. १९१२च्या बैठकीस चान्सेलर उपस्थित नव्हते आणि तिची नोंद ठेवणाऱ्या ॲडमिरल म्यूलर यांनीच तिची फलश्रुती शून्यवत मानली होती. शिवाय एकाच देशाच्या अभिलेखागारावर भर दिल्यामुळे इतर देशांच्या हेतूंची तुलना झाली नाही. बेथमान-होलवेग यांचे निकटवर्ती कुर्ट रीत्सलर यांची रोजनिशी १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा हा वाद मिटेल असे वाटले होते. परंतु जुलै १९१४ मधील नोंदी नंतर लिहिल्या गेल्या असाव्यात, असा आक्षेप निघाला. तरीही फिशर यांचे एक कार्य निर्विवाद आहे. अमूर्त शक्तींच्या चर्चेत हरवलेले निर्णय आणि निर्णयकर्ते त्यांनी इतिहासाच्या मध्यभागी परत आणले.

जुलै १९१४ : निर्णयांचा क्रम

गुप्त करार, शस्त्रस्पर्धा आणि साम्राज्यवाद ही कारणे १९०८–०९च्या बोस्निया पेचप्रसंगात, १९११च्या अगादिर प्रकरणात आणि १९१२–१३च्या बाल्कन युद्धांतही अस्तित्वात होती. तेव्हा युरोपव्यापी युद्ध झाले नाही. म्हणून १९१४ मध्ये ते का झाले, याचे उत्तर केवळ या कारणांत सापडणार नाही. ते २८ जून ते ४ ऑगस्ट या ३८ दिवसांतील निर्णयांत शोधावे लागते.

ऑस्ट्रियाचे युवराज फ्रान्झ फर्डिनंड आणि त्यांच्या पत्नीची हत्या करणाऱ्या कटवाल्यांना सर्बियाच्या लष्करी गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख द्रागुतिन दिमित्रिएविच यांच्या गटाकडून शस्त्रे मिळाली होती. सर्बियाच्या जबाबदारीची चर्चा येथून सुरू होते. पण येथे संपत नाही. ५ व ६ जुलै रोजी जर्मनीने ऑस्ट्रियाला बिनशर्त पाठिंब्याचा तथाकथित कोरा धनादेश दिला. ७ जुलैच्या ऑस्ट्रियन मंत्रिपरिषदेत हंगेरीचे पंतप्रधान इश्तवान तिसा यांनी तत्काळ युद्धाला एकट्याने विरोध केला. सर्बियावरील हल्ल्यात रशिया उतरेल आणि त्यातून जागतिक युद्ध पेटेल, असे त्यांनी दुसऱ्याच दिवशी सम्राटास लेखी कळविले. सुमारे आठवडाभराने त्यांनी विरोध सोडला. २३ जुलै रोजी सर्बियाला ४८ तासांचा निर्वाणीचा खलिता देण्यात आला. सर्बियाने बहुतेक मागण्या पूर्णतः वा सशर्त मान्य केल्या. ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांनी सर्बियातील न्यायालयीन चौकशीत भाग घेण्याची मागणी मात्र स्पष्टपणे नाकारली. ब्रिटिश परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे यांची चार राष्ट्रांच्या परिषदेची सूचना जर्मनीने फेटाळली. २८ जुलैला सकाळी सर्बियाचे उत्तर वाचल्यावर खुद्द कैसरलाच युद्धाचे कारण उरलेले नाही असे वाटले. परंतु त्याच दिवशी ऑस्ट्रियाने युद्ध पुकारले.

यानंतर पर्याय झपाट्याने कमी होत गेले. रशियाच्या झारने २९ जुलैला सर्वंकष सैन्यजमवाजमवीचा आदेश देऊन तो त्याच रात्री मागे घेतला आणि ३० तारखेला परराष्ट्रमंत्री साझोनोव्ह यांच्या आग्रहाने पुन्हा दिला. त्याच सुमारास बेथमान-होलवेग व्हिएन्नाला मध्यस्थी स्वीकारण्याचा सल्ला देत होते, तर जर्मन सरसेनापती मोल्टके ऑस्ट्रियन सेनापतींना त्वरेने सैन्य जमविण्यास सांगत होते. बर्लिनमध्ये सत्ता नेमकी कोणाची, असा प्रश्न ऑस्ट्रियाच्या परराष्ट्रमंत्र्यांना पडावा, अशी ही स्थिती होती. रशियाचे जमविलेले सैन्य सीमेवर थांबू शकत होते. जर्मन योजनेत मात्र जमवाजमव म्हणजे लगेच बेल्जियममधील लिएजवर चाल असे समीकरण होते. ए. जे. पी. टेलर यांनी १९६९ मध्ये रेल्वेच्या वेळापत्रकांनी युद्ध घडविले, असे मांडले ते या अर्थाने. परंतु वेळापत्रकेही माणसांनीच आखली होती आणि मुलकी सत्तेने ती प्रश्न न विचारता स्वीकारली होती. ब्रिटननेही आपली भूमिका ऑगस्टच्या उंबरठ्यापर्यंत संदिग्ध ठेवली.

या क्रमावरून जबाबदारी समान नव्हती, हे स्पष्ट होते. ऑस्ट्रियाने स्थानिक युद्ध निवडले, जर्मनीने ते व्यापक होण्याचा धोका ओळखून त्याला पाठबळ दिले. रशियाच्या जमवाजमवीने, फ्रान्सच्या पाठिंब्याने आणि ब्रिटनच्या अनिश्चिततेने परतीची वाट अरुंद केली. सर्वांचा वाटा मान्य करूनही त्या वाट्यांचे मोजमाप सारखे ठरत नाही.

शताब्दीच्या सुमारास

शताब्दीच्या सुमारास हा वाद पुन्हा जागा झाला. शॉन मॅकमीकिन यांनी २०११ मध्ये रशियाच्या उद्दिष्टांवर भर दिला. ख्रिस्तोफर क्लार्क यांचा ‘द स्लीपवॉकर्स’ हा ग्रंथ २०१२ मध्ये आला आणि त्याच्या जर्मन अनुवादाला तेथे प्रचंड वाचकवर्ग लाभला. एकच गुन्हेगार शोधण्याची पद्धत क्लार्क यांनी नाकारली आणि सर्व राजधान्यांतील सामायिक राजकीय संस्कृतीकडे लक्ष वेधले. बेलग्रेड आणि सेंट पीटर्सबर्ग यांना पॅरिस-बर्लिनइतकेच महत्त्व देणे, ही त्यांची मोठी देणगी होय. तथापि, झोपेत चालणारा मनुष्य आपल्या कृतीस उत्तरदायी नसतो. म्हणून शीर्षकातील ही प्रतिमा मूळ मांडणीपेक्षा अधिक सांगून जाते. तिसा यांनी संकट लेखी वर्तविले होते. रशियाचे माजी गृहमंत्री प्योत्र दुर्नोवो यांनी फेब्रुवारी १९१४ मध्येच जर्मनीशी युद्ध झाल्यास क्रांती ओढवेल, असा इशारा झारला दिला होता. धोका दिसत होता. तो पत्करण्याजोगा मानला गेला. जॉन रोल आणि हाइनरिश विंकलर यांच्यासारख्या जर्मन इतिहासाच्या अभ्यासकांनी क्लार्क यांच्यावर जर्मनीची जबाबदारी सौम्य केल्याचा आक्षेप घेतला, तो याच मुद्द्याशी निगडित आहे.

वादाबाहेर राहिलेले पक्ष

या संपूर्ण चर्चेत एक उणीव जाणवते. जबाबदारीचा हिशेब युरोपीय राजधान्यांपुरता राहिला आहे. ४ ऑगस्ट १९१४ रोजी ब्रिटनने युद्ध पुकारताच भारत आपोआप युद्धमान देश ठरला. भारतीयांचे मत विचारण्याचा प्रश्नच उद्‌भवला नाही. १० लाखांहून अधिक भारतीय परदेशी रणांगणांवर गेले आणि सुमारे ७४,००० मृत्युमुखी पडले. मेसोपोटेमियात कुत येथे एप्रिल १९१६ मध्ये शरण जावे लागलेल्या फौजेत मराठा पलटणीही होत्या. जून १९१४ मध्ये मंडालेहून सुटून आलेल्या लोकमान्य टिळकांनी युद्धात सरकारला सहकार्य जाहीर केले, त्यामागे स्वराज्याच्या मागणीचा विचार होता. पण युद्ध करावे की नाही, हा निर्णय त्यांच्याकडे नव्हताच. आणि तरीही व्हर्सायच्या तहावर भारताच्या वतीने भारतमंत्री एडविन माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांच्या स्वाक्षऱ्या आहेत. युद्धाच्या निर्णयात ज्या देशाला स्थान नव्हते, त्याच्या नावाने युद्धाच्या जबाबदारीचा निवाडा करणाऱ्या तहावर सही झाली. ज्यांना पर्याय होता ते आणि ज्यांच्यावर परिणाम लादला गेला ते, हा भेद जबाबदारीच्या चर्चेत मूलभूत ठरावयास हवा.

निष्कर्ष

१. कलम २३१ ने भरपाईचे कायदेशीर दायित्व आणि नैतिक दोष यांची सांगड घातली. पुढील इतिहासलेखन या सांगडीच्या बाजूने वा विरोधात उभे राहिले आणि कारणमीमांसा व जबाबदारी यांतील सीमारेषा पुसट झाली.

२. प्रत्येक टप्प्यावरील निष्कर्षावर उपलब्ध दस्तऐवजांचा क्रम आणि समकालीन राजकारण यांचा प्रभाव पडला. यावरून सर्व निष्कर्ष सारखेच अविश्वसनीय ठरत नाहीत. बहुदेशीय साधने पडताळणारे लेखन एकाच अभिलेखागारावर उभ्या असलेल्या लेखनापेक्षा अधिक टिकाऊ ठरले आहे.

३. दीर्घकालीन कारणे युद्धाची शक्यता स्पष्ट करतात, युद्ध नव्हे. जबाबदारी त्या निर्णयांशी जोडली पाहिजे, ज्यांच्या वेळी पर्याय उपलब्ध होता आणि परिणामांची जाणीव होती. या कसोटीवर जबाबदारी सामायिक, परंतु असमान ठरते. तिचा मोठा वाटा व्हिएन्ना आणि बर्लिन यांच्याकडे जातो.

४. अध्यापनात कारणांच्या यादीबरोबर जुलै १९१४ मधील निर्णयांची दिनांकवार मांडणी आणि त्या यादीचाच इतिहास शिकविला जावा. केवळ यादी पाठ करणारा विद्यार्थी युद्धे वादळासारखी आपोआप येतात, असा ग्रह करून घेतो. निर्णयांचा क्रम अभ्यासणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र हे कळते की, ३८ दिवसांत मोजक्या माणसांसमोर अनेकदा दुसरी वाट होती आणि त्यांनी ती घेतली नाही.